हवेची वाटणी

वस्तु विपुल असली म्हणजे तिच्या वाटणीचा प्रश्न आपोआप सुटतो, अशी आपली एक सोईस्कर समजूत आहे. ती किती फोल आहे हें पाहावयाचें असल्यास एखाद्या वातानुकूलित कचेरीच्या छताआड डोकवावें. तेथें थंड केलेली हवा मोठ्या पंख्याच्या जोरानें पत्र्याच्या नळींतून निघते आणि ठिकठिकाणच्या जाळ्यांवाटे दालनांत उतरते. परंतु जिकडे अडथळा कमी, तिकडे ती अधिक धांवते. म्हणून पंख्याजवळच्या जाळीखालीं बसणारा शाल शोधतो आणि नळीच्या शेवटास बसलेला घाम पुसतो.

पंख्याचा वेग वाढवावा, हा उपाय सर्वांसच सुचतो. पण त्यानें दूरच्यास थोडी अधिक हवा मिळते, तर जवळच्यास त्याहून पुष्कळ अधिक. अंतर कायमच राहतें. जाणता कारागीर निराळा मार्ग धरतो. तो प्रत्येक जाळीपाशीं हवेचें माप घेतो आणि जवळच्या फांट्यांतील झडपा थोड्या मिटतो. जवळच्यास वाटतें, आपलें कांहीं हिरावलें गेलें. वस्तुतः जें जास्त येत होतें, तें त्याचें कधींच नव्हतें.

तथापि वाटे समान झाले म्हणजे न्याय झाला काय? १८३६ सालीं डेव्हिड बॉसवेल रीड यांनीं लंडनच्या कॉमन्स सभेच्या तात्पुरत्या गृहांत जमिनीच्या असंख्य छिद्रांतून हवा वर आणून छतावाटे बाहेर काढण्याची योजना केली. तरी एकाच वेळीं एक सभासद ऊब वाढवा म्हणे, दुसरा कमी करा म्हणे. डेन्मार्कच्या फँगर यांनीं १९७० सालीं गणित मांडलें, त्यांत मोठ्या समुदायास दिलेली एकच हवा कितीहि उत्तम असली, तरी शेंकडा ५ जण असंतुष्ट राहतातच. पुढें २०१५ सालीं नेदरलंड्समधील दोघां संशोधकांनीं दाखविलें कीं, कचेऱ्यांच्या तापमानाचे नियम ठरवितांना देहांत उत्पन्न होणारी उष्णता सरासरी पुरुषाची धरलेली आहे. म्हणून त्याच खोलींत स्त्रियांस थंडी वाजूं शकते.

म्हणजे झडप नीट बसविणें हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें, माप कोणाच्या अंगाचें घेतलें हें विचारण्याचें आहे. ज्यास शाल घ्यावी लागते त्यास आपण नाजूक ठरवितों, आणि माप मात्र निर्दोष मानतों. घरांत, समाजांत किंवा राज्यांत वाटणी करणारानें तक्रार ऐकतांच प्रथम तक्रार करणाराकडे नव्हे, तर आपल्या मापाकडे पाहावें.