उत्तरा नक्षत्र आणि दोन ध्रुव

दौंड तालुक्यातल्या पाटसला पावसाळा पंचांगात जूनला लागतो. रानात मात्र तो बहुतेक वर्षी उत्तरा-हस्तातच मनासारखा पडतो. आलेले ढग सह्याद्रीने आधीच रिते केलेले असतात. म्हणून सप्टेंबरच्या मध्यावर इथला शेतकरी पाभर सज्ज ठेवून वापसा कधी येतो ते बघत असतो. शाळू पेरायचा असतो.

नेमक्या याच दिवसांत पृथ्वीच्या दोन्ही टोकांना समुद्राचा बर्फ कूस पालटतो. उत्तरेकडे मार्चमध्ये दीड कोटी चौरस किलोमीटरच्या जवळ गेलेला बर्फ आटत ४५ लाखांच्या आसपास येतो. तिथला मोठ्यात मोठा दिवस जूनमधला, पण समुद्र सावकाश तापतो, म्हणून नीचांकाला सप्टेंबर उजाडतो. दक्षिणेकडे सगळे उलटे. अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ फेब्रुवारीत भारताएवढा, सुमारे ३० लाखांचा असतो. सप्टेंबरात तो १ कोटी ८० लाखांवर पोचतो. साडेचार भारत दरवर्षी गोठायचे आणि वितळायचे!

खारे पाणी शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंश लागतात. आधी बारीक सुया तरंगतात, पाणी तेलकट दिसते. मग लाटांवर एकमेकींना धडकून कडा उचललेल्या, थालीपिठासारख्या चकत्या होतात आणि त्या सांधत जातात. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो. ते जड, खारट पाणी खाली बुडते.

हे सगळे मराठी माणसाला अगदीच परके नाही. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. १९८३ च्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. गोव्यातल्याच राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले, की उत्तरेकडच्या कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी झाला, तर मध्य भारतात सप्टेंबरच्या अतिवृष्टीशी त्याचा संबंध असू शकतो. उघडे पाणी उष्णता सोडते, वरच्या हवेतले प्रवाह बदलतात, आणि तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो.

‘असू शकतो’ हे शब्द महत्त्वाचे. दौंड तालुक्यातल्या एखाद्या मुसळधार पावसाचे खापर लगेच कारा समुद्रावर फोडायला मी धजणार नाही. पण हा बर्फ उपग्रहांवरून रोज मोजला जातो आणि तो आकडा कोणालाही पाहता येतो. यंदा उत्तरा लागले, की पर्जन्यमापकाबरोबर तोही जरूर पाहा.