वड्याचं तेल वांग्यावर

दिमा याकोव्हलेव्ह जेमतेम पावणेदोन वर्षांचा होता. रशियातल्या अनाथालयातून अमेरिकेत, व्हर्जिनियाला दत्तक जाऊन त्याला तीनच महिने झाले होते. 2008 च्या जुलैत एका सकाळी वडील त्याला पाळणाघरात सोडायचं विसरले आणि थेट कामावर गेले. पोर दिवसभर बंद गाडीत उन्हात राहिलं आणि गेलं. न्यायालयाने वडिलांना निर्दोष सोडलं, तेव्हा रशियात संताप उसळला. उसळणारच. त्यात 2010 मध्ये टेनेसीतल्या एका दत्तक आईने सात वर्षांच्या मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला एकट्यालाच मॉस्कोच्या विमानात बसवून दिलं. बिघडलेला मिक्सर दुकानात परत करावा, तसं.

या रागातून एक शहाण्यासारखं काम झालं होतं, हे आज कुणाला आठवत नाही. दोन्ही देशांनी दत्तकाबाबत करार केला आणि 1 नोव्हेंबर 2012 पासून तो लागू झाला. मूल परदेशी गेल्यावरही त्याच्यावर लक्ष राहावं, एवढाच त्याचा साधा हेतू.

दोन महिनेही झाले नाहीत, तोच 28 डिसेंबरला पुतिन यांनी अमेरिकनांना रशियन मूल दत्तक देण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. मधल्या काळात मुलांच्या बाबतीत काय घडलं होतं? काहीच नाही. घडलं ते मोठ्यांच्या जगात. अधिकाऱ्यांचा घोटाळा उघड करणारे रशियन कर-सल्लागार सर्गेई मॅग्नित्स्की यांच्या मॉस्कोतल्या कोठडीतील मृत्यूशी संबंधित रशियन अधिकाऱ्यांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर ओबामांनी 14 डिसेंबरला सही केली होती. त्याला रशियाने दिलेलं हे उत्तर. लोक त्याला दिमाचा कायदा म्हणू लागले. जिवंतपणी ज्याला कुणी विचारलं नाही, त्याचं नाव मेल्यावर असं कामाला आलं.

दत्तकावर बंधनं नकोत, असं मी म्हणणार नाही. परदेशी पैसा आला की मूल शोधणारे दलालही येतात. आपल्याकडे लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये नियम घालून दिले: आधी देशातले पालक शोधा, मग परदेशातले. दार बंद केलं नाही, दाराशी राखणदार बसवला. रशियाकडेही तो राखणदार होता. त्याला नुकतंच कामावर ठेवलं होतं.

13 जानेवारी 2013 ला मॉस्कोत हजारो लोक कडाक्याच्या थंडीत या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. बंदी आली तेव्हा काही मुलांच्या भेटी झाल्या होत्या, नव्या आईबाबांशी ओळख झाली होती. कागद तेवढे पुरे व्हायचे होते. त्यांतली काही आजारी, काही अपंग. हे पालक स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले. बंदी भेदभाव करणारी आहे, असा निकाल लागला 2017 च्या जानेवारीत. बंदीच्या वेळी तीन वर्षांचं असलेलं मूल तोवर सात वर्षांचं झालं होतं.