अजाणता घडलेल्या पापाचा धनी

राजा मेला, राणीने गळफास घेतला, की नाटक शोकांत झाले, असा एक समज आहे. पण सज्जनहो, दुःख कोणाच्या घरी नाही? नुसत्या दुःखाने नायक होत असता, तर घरोघरी नायक सापडते. प्राचीन ग्रीकांचा विचार याहून खोल होता. अथेन्स नगरात डायोनिसस देवाच्या वसंतोत्सवात, डोंगराच्या उतारावर उघड्यावर बसून हजारो लोक ही नाटके पाहात. देवाच्या उत्सवात लोकांपुढे कोणाची कथा मांडावी, हा प्रश्न त्यांना थट्टेचा वाटत नसे.

अॅरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) याने 'पोएटिक्स' ग्रंथात असे म्हटले आहे, की निर्दोष सज्जन रसातळाला गेलेला पाहून मन विटते; दुष्ट बुडाला तर आपल्याला कळवळा येत नाही. म्हणून नायक या दोहोंच्या मधला, नावलौकिकाचा असावा आणि त्याचा घात दुष्टपणाने नव्हे, तर हातून घडलेल्या मोठ्या चुकीने व्हावा. या चुकीला त्याचा शब्द 'हामार्तिया'. मुळात अर्थ नेम चुकणे. पुढे कित्येक पंडितांनी त्याचा 'स्वभावदोष' केला, आणि जो तो नायकाच्या अंगी गर्व शोधू लागला. आम्हांस हे पटत नाही.

सोफोक्लीसचा राजा ईडिपस घ्या. पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणला तोच हा. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, अशी देववाणी त्याने डेल्फीच्या देवळात ऐकली. ज्यांना तो आईबाप समजत होता त्यांच्याकडे, कॉरिंथला, तो त्या भयाने परतलाच नाही. वाटेत तिवाट्यावर रथातल्या एका म्हाताऱ्याने त्याला मारले; याने रागाच्या भरात त्याला ठार केले. तोच बाप! पुढे थीब्ज नगरावरचे संकट दूर केले, म्हणून राज्य मिळाले, विधवा राणी मिळाली. तीच आई. पाप चुकवायला निघाला तो पापाच्याच दारी जाऊन उभा राहिला. माणूस तापट होता, कबूल. पण तापटपणामुळे कोणी बापाला ओळखेनासा होत नाही.

कोणी म्हणेल, प्रारब्ध, दुसरे काय? पण पाहा, साथ आली तेव्हा देवाने एवढेच सांगितले होते, की जुन्या राजाचा मारेकरी हुडका. आपण कोणाच्या पोटचे, हे खणून काढ असे राजाला कोणीच सांगितले नव्हते. राणीला उमगले, तिने विनवले, आता पुरे. धनगर तोंड उघडीना. राजा मागे हटला असता तर त्या दिवसापुरता तरी वाचला असता! तो हटला नाही. आणि सत्य कळल्यावर डोळे फोडले ते स्वतःच्या हाताने. देववाणीवर ढकलायला जागा असताना तो हात त्याने आपला म्हटला. आमच्या मते तो नायक ठरतो तो इथे, तिवाट्यावर नव्हे. (या नाटकाला त्या वर्षी पहिले बक्षीस मिळाले नाही, असे जुने लोक सांगून गेले आहेत. चालायचेच.)

मग अजाणता घडलेले पाप कोणाचे? सोफोक्लीसला हा प्रश्न म्हातारपणीही सुटला नसावा. नव्वदीच्या घरात त्याने त्याच राजावर पुन्हा नाटक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०१ मध्ये झाले. त्यात आंधळा, परागंदा ईडिपस अथेन्सजवळच्या कोलोनस गावी येतो. गावचे वडीलधारे विचारतात, तेव्हा तो ठासून सांगतो, की मी जाणून काही केले नाही, कायद्याने मी निर्दोष आहे. ते खरेच आहे. पण पुढे पळवलेल्या मुली अथेन्सचा राजा थीसियस सोडवून आणतो. म्हातारा उपकाराने भरून येऊन त्याचा हात धरायला जातो, आणि आपण कोण हे आठवून पुढे केलेला हात आवरून घेतो.