आगगाडीतील तीर्थयात्रा



आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या भूमीस आगगाडी नवी नाही. 1929 साली पेशावर ते मंगळूर अशी सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस नागपूर-इटारसी मार्गाने पांढुर्ण्यावरूनच जात असे. सौंसरकरांची नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी रुळांच्या रुंदीकरणासाठी 2015 साली थांबली; वृद्ध मंडळी अद्याप तिची आठवण काढितात. आज कन्याकुमारीहून वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्यास जाणारी हिमसागर एक्सप्रेस आपल्याच संत्र्यांच्या मुलखातून सातपुड्यात शिरते. सुमारे 3,800 किलोमीटरांची ही वाट. तीन दिवसांत समुद्र व हिमालय यांची गाठ पडते. परंतु शरीर इतके चालले, तरी मन किती चालले?

याचे उत्तर श्रीनामदेवरायांच्या चरित्रात आहे. पंढरीबाहेर देव आहे, हे त्यांस प्रथम पटेना. म्हणूनच गोरोबाकाकांनी त्यांस कच्चे मडके ठरविले, अशी कथा आहे. पुढे औंढा नागनाथी विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले त्यांनी पाहिले. विसोबा म्हणाले, "जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव." नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवीत, तेथे तेथे लिंग प्रकट होई. हा बोध घेऊन ते पुढे पंजाबापर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी आजही त्यांचे स्थान पूजिले जाते, आणि श्रीगुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. आगगाडी नसताना पंढरपूरचा एक शिंपी तेथवर पोहोचला, व परक्या मुलखात परका राहिला नाही.

आम्ही मार्गशीर्षात मातापित्यांसह कटऱ्याच्या यात्रेस निघालो होतो. पौरोहित्याचे घर; म्हणून वडील घरची शिदोरीच घेत. वाटेत ती संपली. समोर लुधियान्यास जाणारे एक वृद्ध शीख दांपत्य होते. आम्ही महाराष्ट्रीय आहो असे कळताच आजोबांनी हात जोडले व "भगत नामदेवजींच्या देशाचे" असे म्हणून आपल्या डब्यातील रोटी पुढे केली. मातुःश्रींनी वडिलांकडे पाहिले. आयुष्यभर पाळिलेले सोवळे एका बाजूस, आणि पुढे आलेला तो थरथरता हात दुसऱ्या बाजूस! वडील क्षणभर थांबले, मग दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "जेथे पाय ठेवावा तेथे तो आहे, मग या भाकरीत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?" मातुःश्रींनी पिशवीतील सौंसरची संत्री त्या आजींच्या पदरात घातली. दुसऱ्या दिवशीही वडिलांची संध्या चुकली नाही, नेम मोडला नाही. मोडली ती केवळ मधली भिंत.

तात्पर्य, देवीचे दर्शन गडावर होते, पण यात्रेची परीक्षा डब्यात होते. दाराशी लेकरू घेऊन बसलेल्या मजुरिणीस पाहून आपण पाय पसरतो की आवरतो, हे देव पाहत असतो. ज्याने सहप्रवाशास चार बोटे जागा दिली नाही, त्याने गाभाऱ्यात जागेसाठी धक्काबुक्की केली तर नवल काय?

आज आपल्या कित्येक घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी, चाकरीसाठी दिल्ली, पुणे, बंगळूर अशा दूरच्या नगरांस जातात. "लेकरू दूर गेले, आता आपले संस्कार टिकतील काय?" अशी चिंता माउल्या देवळात बोलून दाखवितात. त्यांस आमची नम्र विनंती आहे: नामदेवराय दूर गेले म्हणून त्यांचा विठ्ठल उणा झाला नाही, उलट पंजाबास मिळाला. लेकरांच्या शिदोरीत दोन भाकरी अधिक बांधा, आणि त्या कोणासाठी आहेत हेही सांगा. इतके केल्यास गाडी कोठेही जावो, ती पंढरीसच जाईल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥