एक ताट की दोन?

चौल-भोवाळ्याची आपली दत्तयात्रा पाच दिवसांची. गेल्या दत्तजयंतीला महाराजांचं दर्शन घेऊन पायऱ्या उतरलो आणि भांड्यांच्या दुकानापाशी थबकलो. नात उलव्याला भाड्याची जागा घेऊन एकटी राहायला निघाली होती. घरात आठ दिवस यादी चालली होती.

आमच्या सौभाग्यवतींची यादी म्हणजे रुखवतच. तीन लिटरचा कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, सांडशी, बादली, केरसुणी, विळी. नात म्हणे, "आजी, विळीवर मी बसणार नाही, सुरी पुरे." आम्हाला न सुचलेलं तिनं लिहिलं होतं : टॉर्च, तापाच्या गोळ्या आणि दाराच्या किल्लीची जोडी, त्यातली एक आमच्याकडे ठेवायला. कोकमाचं आगळ नि पांढऱ्या कांद्याची माळ न कुरकुरता घेतली. अडलं ते ताटाशी. "आजोबा, एकटी राहणार, एकच ताट बास. दोन असली की दोन्ही खरकटी पडून राहतात."

आता दत्तभक्ताने यावर काय बोलावं? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. मधमाशीपासून तो शिकला की संध्याकाळसाठी, उद्यासाठी साठवू नये. हात हेच पात्र. या हिशेबाने एक ताटही जास्तच! पण हा उपदेश भिक्षेवर राहणाऱ्याला आहे. भाडं आणि विजेचं बिल भरणाऱ्या पोरीला तो जसाच्या तसा कसा लावायचा?

मग त्या चोविसांतली कुमारी आठवली. घरात ती एकटी, मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांच्या जेवणासाठी ती साळी कांडते आणि बांगड्या वाजतात. लाज वाटून ती एकेक बांगडी फोडते, शेवटी हातात एकेकच उरते. अवधूत त्यातून एकटं राहणं शिकला. मीही आयुष्यभर तेवढंच ऐकत आलो. पण ती पोर कांडत होती पाहुण्यांसाठी, हे कसं निसटलं कोण जाणे. हातात बांगडी एक, पण तांदूळ एकटीपुरते नव्हते.

ताटाचा हट्ट मी का धरला, ते घरात कोणाला माहीत नाही. १९७६ साली मी डोंबिवलीत खोली घेऊन एकटा राहत होतो. एक स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट. एका दुपारी वडील न कळवता आले. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर, तिथून गाडी धरून. हातात नारळ. मी नुकता भात काढून बसलो होतो. त्यांनी ताटाकडे पाहिलं, म्हणाले, "जेव तू, मी खाऊन आलोय." ते खाऊन आले नव्हते. मला ते कळलं होतं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. भात एकापुरताच होता. दुसऱ्या दिवशी मी ताट विकत आणलं. वडील पुन्हा त्या खोलीवर आले नाहीत, पुढच्याच वर्षी गेले.

तर यात्रेतून मी स्टीलचं ताट घेतलं आणि नातीच्या बॅगेत तळाशी सारलं. रात्री झोप लागेना. तिचं घर, तिची यादी, आपण चोरून सामान भरणारे कोण? उठून काढून घेतलं.

चैत्रात आम्ही दोघं उलव्याला गेलो. आधी कळवलं नव्हतं. पोरीने कुकरला आणखी तांदूळ लावले, कांदा चिरला. आजीला ताट दिलं, मला कुकरचं भांडं. स्वतः पातेल्याचं झाकण उलटं करून त्यात भात घेतला आणि खाली आमच्याबरोबर बसली. "आजोबा, मीठ बघा बरोबर आहे का," म्हणाली.

मला घास गिळेना. डोंबिवलीच्या खोलीतल्या पातेल्यालाही झाकण होतं.