हया, मौन आणि अमानत

एका प्रश्नाचा शांतपणे विचार करावा. एखाद्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला, उपचार झाले आणि अल्लाहच्या कृपेने ती बरी झाली. आता तिचे कर्तव्य काय? घरात राहून मूकपणे अल्लाहचे आभार मानणे, की आपला आजार चारचौघींत सांगून इतर रुग्णांसाठी, संशोधनासाठी आणि जनजागृतीसाठी लोकांपुढे झोळी पसरणे?

उमरग्यासारख्या गावात पहिल्या मार्गाला शालीनता म्हणतात आणि दुसऱ्याला धिटाई. शरीराच्या त्या भागाचे नाव तरी लोकांत कसे घ्यावे, असे घरातील वडीलधारी माणसे विचारतात. मुलींची लग्ने व्हायची असतात, आजार घराण्यातला आहे अशी कुजबुज होईल ही भीती असते. शिवाय धर्माचा आधारही दिला जातो. हया हा ईमानाचा भाग आहे, आणि उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू न देणारा दाता कयामतच्या दिवशी अल्लाहच्या छायेत असेल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्वच जाणतो. हे आक्षेप खोटे नाहीत, म्हणून त्यांचे उत्तर घाईने देता येणार नाही.

मुंबईतील देविका भोजवानी यांचे उदाहरण पाहा. स्वतः या आजारातून बऱ्या झाल्यानंतर त्यांनी मौन पत्करले नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडलेल्या ‘विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाद्वारे त्यांनी गरीब स्त्रियांच्या उपचारांसाठी निधी जमवला आणि आपला अनुभव उघडपणे सांगितला. ही आत्मप्रौढी म्हणावी काय?

दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकराने (आयत २७१) उघडपणे दिलेल्या दानालाही चांगलेच म्हटले आहे. गरिबाला गुप्तपणे देणे मात्र अधिक श्रेष्ठ ठरविले आहे. गुप्ततेमुळे घेणाऱ्याची अब्रू राखली जाते आणि देणाऱ्याच्या हेतूचे रक्षण होते. पण जेथे एकाचे पाहून दुसरा पुढे येणार असतो, तेथे उघड दानाचे मोल वेगळे आहे. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. मुदर कबिल्याचे काही लोक फाटक्या वस्त्रांत मदीनेत आले. त्यांची दैन्यावस्था पाहून प्रेषितांचा (स.) चेहरा उतरला. त्यांनी लोकांना एकत्र करून सर्वांसमक्ष दानाचे आवाहन केले. एक अन्सारी सहाबी हातात पेलवणार नाही एवढी जड थैली घेऊन आले, मग एकामागून एक लोक येत गेले आणि धान्याचे व कपड्यांचे ढीग लागले. प्रेषितांचा (स.) चेहरा आनंदाने उजळला. चांगल्या कामाची सुरुवात करणाऱ्यास त्याच्यामागून येणाऱ्यांइतकेही पुण्य मिळते, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

आता हयेविषयी. आदरणीय उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रियांच्या अत्यंत खासगी शारीरिक बाबीविषयी प्रेषितांना (स.) प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिले. लज्जेने अन्सारी स्त्रियांना धर्माचे ज्ञान घेण्यापासून रोखले नाही, म्हणून आदरणीय आयशा (रजि.) त्यांची प्रशंसा करीत. म्हणजे हया पापापासून अडविते, ज्ञानापासून नव्हे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती लपविली जाते. स्त्री कोणालाच सांगत नाही, महिने जातात आणि सोलापूर, बार्शी किंवा मुंबईला पोहोचेपर्यंत आजार पसरलेला असतो. अशा मौनाला हया म्हणणे हा हयेवरच अन्याय आहे.

पडद्याचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा एक दीर्घ अभ्यास झाला. त्यातील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी, केवळ हाताने, दर दोन वर्षांनी केली. वीस वर्षांनंतर असे दिसले की, तपासणी झालेल्या गटातील पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीखालील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, म्हणून संशोधन पुढे चालू राहणे आवश्यक आहे.

संशोधन म्हणजे दूर कोठे तरी चालणारी गोष्ट, असेही समजू नये. आपल्याच धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात सहभागी होते. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून जगाला कळले. हे ज्ञान आपल्या खेड्यांतील स्त्रियांनी जगाला दिलेले दानच होय. त्या लाजून घरात बसल्या असत्या तर?

सूरह अल-माइदाने (आयत ३२) एका जीवाला वाचविणे हे सर्व मानवजातीला वाचविण्यासमान ठरविले आहे. ज्या स्त्रीला धोक्याची खूण ठाऊक आहे, तिच्याकडचे ते ज्ञान शेजारणीची अमानत आहे. अमानत दडवून ठेवणे म्हणजे नम्रता नव्हे.

तरीही मर्यादा आहेतच. प्रत्येक स्त्रीने जाहीरपणे बोललेच पाहिजे, अशी सक्ती कोणी करू नये. एका शेजारणीच्या कानात सांगणेही साक्षच आहे. तिच्या परवानगीवाचून तिचा आजार इतरांनी गावभर करणे ही गीबत आहे. जमलेल्या पैशाचा पै-पैचा हिशेब द्यावा. जकातचे हक्कदार कुरआनने (सूरह अत-तौबा, आयत ६०) निश्चित केले आहेत, म्हणून ती गरजू रुग्णाच्या हाती द्यावी. शिबिरे व संशोधन यांसाठी ऐच्छिक सदका द्यावा आणि शंका असल्यास आलिमांना विचारावे. दिखाव्याचे भय वाटले तर नियत तपासावी, पण लोकांच्या भीतीने सत्कार्य सोडू नये. तेही शेवटी लोकांसाठीच वागणे ठरते.

वाचकहो, आज घरी आई, पत्नी, बहीण, मुलगी यांना एकदा विचारा, “काही त्रास लपवीत तर नाहीस ना?” त्यांनी सांगितले तर खर्चाचा विषय आधी काढू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि एखादी बरी झालेली भगिनी इतरांसाठी मागायला दारी आली, तर तिच्याकडे पाहून कुजबुजू नका. तिच्या झोळीत काही घाला. अल्लाह सर्व आजारी भगिनींना शिफा देवो आणि आम्हांला हया व भीती यांतील भेद ओळखण्याची बुद्धी देवो. आमीन.