मनोऱ्याचा घुमट आणि खालची विहीर

नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर हल्ली साऊंड हीलिंगच्या जाहिराती फिरतात. सिंगिंग बाऊल, 'पृथ्वीचा सूर ७.८३ हर्ट्झ' आणि शेजारी निकोला टेस्लाचा फोटो. मला याची चीड येते. इतकी मंद कंपने माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. कान साधारण २० हर्ट्झपासून पुढचे ऐकतो. शिवाय हा आकडा आवाजाचा नाहीच. तो जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीतल्या विद्युतचुंबकीय लहरींचा आहे. त्या पोकळीचे गणित भौतिकशास्त्रज्ञ शुमान यांनी १९५२ मध्ये मांडले, तेव्हा टेस्लाला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

तरीही अनुनाद, म्हणजे सूर जुळलेल्या एका वस्तूने दुसरीच्या कंपनाला साथ देणे, विजेत आला तो ध्वनिशास्त्रातूनच, हे खरे. हेल्महोल्ट्झ, केल्विन, हर्ट्झ या शास्त्रज्ञांची ही वाट परिचित आहे. १८८९ मध्ये ऑलिव्हर लॉजने वीज साठवणाऱ्या लेडन बरण्यांची दोन मंडले जुळवली. एकीकडे ठिणगी पडली की दुसरीकडेही उमटे, सतारीची तरफ न छेडता बोलावी तशी. मात्र या प्रवासात सोबत आले ते समीकरण. हवेचा थरथराट मागेच राहिला.

खरे वळण पुढे आहे. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला वादळ दूर सरकत असताना टेस्लाच्या यंत्रावरचे संकेत नुसते क्षीण होत गेले नाहीत. ते ओसरत आणि पुन्हा चढत. त्यावरून त्याने ठरवले, की जमिनीत स्थिर लहरी उभ्या राहतात. तोवर अनुनाद दोन उपकरणांमधला होता. आता अख्खी पृथ्वीच झंकारणारी वस्तू झाली. १९०१ मध्ये लाँग आयलंडवर तारेविना संदेश आणि वीज पाठवण्यासाठी टेस्लाचा वॉर्डनक्लिफचा मनोरा उभा राहू लागला. सगळे बघतात ५७ मीटर उंचीवरचा घुमट. टेस्लाची भिस्त होती खाली खणलेल्या विहिरीवर, कारण त्याला लहरी आकाशात उधळायच्या नव्हत्या, पृथ्वीला पकडून हलवायचे होते.

मनोऱ्याला पैसा पुरवणाऱ्या मॉर्गनने हात आखडता घेतला म्हणून जगाची फुकट वीज हुकली, असे सांगितले जाते. पैसा आटला, हे खरेच. पण अनुनाद ऊर्जा निर्माण करत नाही; तो लहान लहान धक्के साठवतो, तेही गळती कमी असेल तरच. पृथ्वी इतकी कमी गळकी नाही. शुमानच्या त्या पोकळीतसुद्धा लहर मोजक्या आवर्तनांत विरते, आणि टेस्ला तर कितीतरी पट वेगवान कंपने वापरत होता. त्याची कल्पनाशक्ती अफाट होती, म्हणून ही चूक नीट समजून घ्यायला हवी. तिच्यावर कटाची कथा चढवली की ती दिसतच नाही.

१९१५ मध्ये टाटांची वीज खोपोलीहून मुंबईला पोचली, तारांवरून. १९१७ मध्ये वॉर्डनक्लिफचा मनोरा पाडला गेला. २००७ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी एकमेकांशी जुळवलेल्या दोन वेटोळ्यांनी ६० वॅटचा दिवा तारेविना पेटवला. अंतर होते २ मीटर, आणि जुळणी इतकी नेमकी असूनही पोचली ती सुमारे ४० टक्के ऊर्जा.